कॅमेरा नाहीये हो त्या पिगला!

नमस्कार मंडळी! पाइपलाइनच्या व्हिडिओखाली अजून तोच प्रश्न येतोय: "ताई, त्या रोबोचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?"

शून्य. कॅमेराच नाहीये.

बाकीचं पटकन उरकते. पाइप कुठे गंजलाय ते शोधायला तेलाच्या पाइपात सोडतात त्या यंत्राला स्मार्ट पिग म्हणतात. हो, डुक्करच! मोटर नसते, मागून तेलच त्याला ढकलतं. झालं.

आता कॅमेरा. आत काळंकुट्ट कच्चं तेल. त्यात दिसणार काय, डोंबल? म्हणून तिथे चुंबक लागतो. पिगचे पोलादी ब्रश पाइपाला घासत जातात आणि त्यांच्यातून चुंबकीय प्रवाह पाइपाच्या भिंतीत शिरतो. गंजून भिंत पातळ झाली की तो तिथे मावत नाही, बाहेर सांडतो. सेन्सर ते सांडणं टिपतात.

शेतातला पाट आठवा. काठोकाठ वाहतोय, मध्येच गाळाने उथळ झाला, की पाणी नेमकं तिथेच बांधावरून जातं. गाळ बघायला आत उतरावं लागतं का?

तरी नाही पटलं? मी जुनी गाडी बघायला गेले होते. दरवाजा चकाचक. फ्रिजवरचा गणपतीबाप्पा पर्समध्ये नेला होता, तो दारावर लावला. वरती चिकटला, खाली सुळकन घसरला! आत नुसती पुट्टी, म्हणजे खड्डा बुजवायचा लेप. मालक म्हणतो, "मॅडम, उन्हाने होतं तसं." डोळ्याला रंग दिसतो, चुंबकाला पत्रा कळतो. म्हणूनच पाइपाच्या बाहेरून लागलेला गंजही पिगला आतून कळतो. लावा आता कॅमेरा!

1960च्या दशकातले पहिले असे पिग पाइपाचा फक्त तळाकडचा भाग तपासायचे. आता पूर्ण गोल तपासतात. पण सोडला तर ना! अमेरिकेत अलास्कातल्या प्रुडो बे तेलक्षेत्रात एका 34 इंची लाइनमध्ये 1998 नंतर स्मार्ट पिग गेलाच नव्हता. मार्च 2006 मध्ये गंजाने पडलेल्या बारक्याशा भोकातून दोन लाख गॅलनहून जास्त तेल बर्फावर सांडलं.

"लाइव्ह दिसतं का?" असं एका दादांनी विचारलंय. नाही दादा. सगळी नोंद पिगच्या पोटात साठते. तो पलीकडच्या टोकाला तेलाने माखून बाहेर येतो, मग ती वाचायची.

आणि "आपल्याकडे बनतात का?" तर हो, आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने इंडियन ऑइलसाठी बनवलाय. त्यातही चुंबकच आहे, आधीच सांगून ठेवते.