अठरा गुणांचा मार्च

मित्रहो, समोर कॉलेजचे संघ सांभाळणारे क्रीडाशिक्षक बरेच दिसताहेत, मागच्या रांगांमध्ये खेळाडूही आहेत. ‘तरुण संघ’ या विषयावर गोल गोल बोलत बसण्यापेक्षा मी एकच संघ घेतो आणि त्याचा एकच सीझन घेतो. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ, साल २०१३-१४.

केंटकी म्हणजे काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं. लेक्सिंग्टन नावाचं मध्यम आकाराचं शहर. तिथल्या रप अरीनामध्ये तेव्हा तेवीस हजारांच्या आसपास माणसं बसायची आणि विद्यापीठाच्या मॅचला ती बसायचीच. आठ राष्ट्रीय विजेतेपदं, पहिलं १९४८ चं, आठवं २०१२ चं. अशा ठिकाणी संघ हरला तर दुसऱ्या दिवशी किराणा दुकानापासून चर्चपर्यंत सगळ्यांकडे त्यावर उपाय तयार असतो.

आता दुसरी गोष्ट. २००६ पासून एनबीएचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचा, नियम असा आहे की बारावीनंतर एक वर्ष गेल्याशिवाय आणि त्या साली वयाची एकोणीस पुरी होत असल्याशिवाय मुलाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, घ्यायचं नाही. त्यामुळे देशातली सगळ्यात गुणी पोरं कॉलेजात येतात ती एका वर्षासाठी. एफवायला प्रवेश, हिवाळाभर खेळ आणि उन्हाळ्यात रामराम. केंटकीचा तेव्हाचा कोच जॉन कॅलिपारी याने या नियमावर नाक न मुरडता त्याचंच धोरण केलं. दरवर्षी नवी पोरं आणायची, दरवर्षी नवा संघ बांधायचा. २०१२ मध्ये हे जमलं, अँथनी डेव्हिसच्या संघाने विजेतेपद घेतलं. लगेच पुढच्या वर्षी फसलं. नर्लेन्स नोएलचा गुडघा गेला, मार्चमधल्या मुख्य राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली नाही आणि दुय्यम स्पर्धेतही रॉबर्ट मॉरिस या छोट्या विद्यापीठाने ५९-५७ असं हरवलं. तेही त्यांच्या छोट्याशा जिममध्ये जाऊन खेळावं लागलं, कारण रप अरीना त्याच दिवसांत मुख्य स्पर्धेच्या सामन्यांना दिलेलं होतं. म्हणजे आपल्या घरी लग्न आणि आपल्यालाच आमंत्रण नाही.

तर त्यानंतरची ही बॅच. बारावीच्या निवडक २४ मुलांचा मॅकडॉनल्ड्सचा एक प्रदर्शनी सामना दरवर्षी होतो. त्या २४ पैकी सहा पोरं त्या साली एकट्या केंटकीने घेतली. ज्युलियस रँडल, अँड्र्यू आणि आरन हे हॅरिसन जुळे भाऊ, जेम्स यंग, डकारी जॉन्सन, मार्कस ली. जोडीला विली कॉली-स्टाइन आणि अ‍ॅलेक्स पॉयथ्रेस हे दुसऱ्या वर्षाचे. एकही चेंडू टाकण्याआधी पत्रकारांच्या क्रमवारीत पहिला नंबर. काही चाहत्यांनी ‘४०-०’ छापलेले टी-शर्टसुद्धा घातले. चाळीसच्या चाळीस मॅच जिंकणार!

१२ नोव्हेंबर २०१३, शिकागो. समोर क्रमांक दोनचा मिशिगन स्टेट. सुरुवातीलाच ०-१० अशी पिछाडी. रँडलने २७ गुण आणि १३ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल ताब्यात घेणं) काढले, पण आठ वेळा बॉल हातचा घालवला. केंटकीने ३६ फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर कुणी न अडवता मिळणारे एकेका गुणाचे शॉट, घेतले आणि त्यातले २० आत टाकले. सोळा फुकट. मॅच हरले चार गुणांनी, ७८-७४. तो सोळाचा आकडा लिहून ठेवा, कारण सीझनच्या शेवटच्या रात्री तो वेगळ्या वेशात परत भेटणार आहे.

डिसेंबरात बेलरकडून हार, नॉर्थ कॅरोलिनाकडून हार, दोन्ही पाच-पाच गुणांनी. मग महिनाअखेरीस शेजारच्या लुइव्हिलला, म्हणजे आदल्या वर्षीच्या विजेत्यांना, हरवलं. लोकांना वाटलं गाडी रुळावर आली. जानेवारीत आर्कान्सॉच्या मैदानावर ओव्हरटाइममध्ये ८५-८५. आर्कान्सॉचा शेवटचा शॉट रिंगवर आपटून उडाला. केंटकीची उंच उंच पोरं बॉलकडे बघत उभी. मागून मायकल क्वाल्स धावत आला, वाटेत त्याच्या अंगाला कुणी अंग लावलं नाही, त्याने हवेतच तो बॉल पकडला आणि तसाच रिंगमध्ये कोंबला. घड्याळात ०.२ सेकंद. ८७-८५.

ही क्लिप आज तुम्हाला सहज मिळेल. बघताना क्वाल्सकडे बघू नका, केंटकीच्या पाचांकडे बघा. प्रत्येकजण हे गृहीत धरून उभा आहे की त्याला दुसरा कुणीतरी अडवेल. शाळेत ही पोरं इतरांपेक्षा इतकी उंच आणि चपळ होती की बॉक्स आउट, म्हणजे अंग मध्ये घालून समोरच्याला बॉलपासून अडवणं, न करताही रिबाउंड त्यांनाच मिळायचा. ज्याची कधी गरजच पडली नाही ती सवय लागणार कुठून? तरुण संघाचं ‘अननुभवी’ असणं म्हणतात ते माझ्या मते एवढंच आणि इतकं बारीक असतं. मनाचं खंबीर असणं वगैरे फार पुढच्या गोष्टी.

पुढे एलएसयूकडून, म्हणजे लुइझियाना स्टेटकडून, हार. फेब्रुवारीत घरच्या मैदानावर फ्लोरिडाकडून, आणि परत घरच्याच मैदानावर ओव्हरटाइममध्ये आर्कान्सॉकडून. १ मार्चला कळस झाला. त्या साली जेमतेम चाललेल्या साउथ कॅरोलिनाने ७२-६७ असं हरवलं आणि पंचांशी भांडून कॅलिपारीला मैदानाबाहेर जावं लागलं. आपल्याकडे एखादा कोच असा बाहेर गेला की पोरं त्याला खांद्यावर घेतात. तिकडे वर्तमानपत्रांनी त्याची सालं काढली. (हशा) त्या रात्री आरन हॅरिसन पत्रकारांना म्हणाला की या सीझनची अजून भारी कहाणी होणार आहे. तेव्हा त्याला कुणीही गंभीरपणे घेतलं नाही आणि का घ्यावं? आठवड्याने, ८ मार्चला, फ्लोरिडाने पुन्हा धुतलं. ८४-६५. एकोणीस गुणांनी.

फ्लोरिडाच्या पहिल्या पाचांत चार जण शेवटच्या वर्षाचे होते. हे मुद्दाम सांगतोय. गुणवत्तेच्या यादीत केंटकी पुढे, पण चार वर्षं एकत्र राबलेल्या पोरांना डोळे मिटून कळतं की सोबती कुठे उभा आहे.

इथे कॅलिपारीने एक बदल केला. आधी तो काय ते सांगेना, नुसतं ‘एक छोटी गोष्ट बदलली’ म्हणून हवा केली. उलगडलं ते नंतर. अँड्र्यू हॅरिसन पॉइंट गार्ड होता, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणारा. बॉल घेऊन आत घुसायचा आणि स्वतःच संपवायला जायचा. पंगतीतला वाढपीच आधी स्वतःच्या पानात वाढून घेऊ लागला तर बाकीचे किती वेळ हात राखून बसतील? त्याला सांगितलं गेलं, आत घुस, पण घुसताना सोबत्याला शॉट मिळवून द्यायचा आहे हे धरून घुस. हे मी आधीच करायला हवं होतं, अशी कबुली कॅलिपारीनेच पुढे दिली. मला या सगळ्या प्रकरणात त्याची हीच गोष्ट सर्वांत आवडते. मोठा कोच, लठ्ठ पगार, आणि चार महिने जी गोष्ट नाकासमोर होती ती मार्चमध्ये दिसली.

परिणाम? आठवड्याभरात त्यांच्या विभागाच्या स्पर्धेची फायनल, पुन्हा फ्लोरिडा. हरले, पण ६१-६०. त्या एका साली फ्लोरिडाविरुद्ध दहा, एकोणीस आणि एक, अशा फरकाने हार. तोवरचा हिशेब २४ विजय, १० पराभव. राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ असतात, चार गटांत विभागलेले. सीझनआधी पहिल्या नंबरवर असलेल्या या संघाला गटात आठवं मानांकन मिळालं.

पुढचं बरंच तुम्हाला माहीत असेल, म्हणून भराभर जातो. कॅन्सस स्टेट ५६-४९. मग विचिटा स्टेट, ३५ मॅच खेळून एकही न हरलेला संघ. ७८-७६, शेवटच्या क्षणी विचिटाच्या फ्रेड व्हॅनव्हलीटचा थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून टाकलेला तीन गुणांचा शॉट, हुकला. लुइव्हिल ७४-६९. त्या मॅचमध्ये कॉली-स्टाइनचा घोटा दुखावला आणि तो सीझनमधून गेला. मिशिगनविरुद्ध त्याच्या जागी उतरला मार्कस ली, जो सीझनभर बहुतेक बाकावर होता. दुसऱ्यांचे हुकलेले शॉट वरच्या वर झेलून कोंबत त्याने १० गुण आणि ८ रिबाउंड काढले. त्याच मॅचमध्ये पहिला अर्ध संपला तेव्हा आरनच्या नावावर भोपळा होता. शेवटी त्याने एकामागून एक थ्री टाकले आणि २.३ सेकंद उरलेले असताना समोरच्याचा हात तोंडावर आलेला असूनही चौथा. ७५-७२.

सेमीफायनल विस्कॉन्सिनशी. केंटकी बरोबरीत, १६ सेकंदांच्या आसपास उरलेले. अँड्र्यूने काय करावं? समोरच्याच्या खोट्या उडीला फसून, थ्री टाकणाऱ्याला फाउल केला. तीन फ्री थ्रो. विस्कॉन्सिनने त्या मॅचमध्ये २० फ्री थ्रो घेतले आणि १९ टाकले. हुकलेला एकमेव फ्री थ्रो या तिघांतला पहिला. तो पडला असता तर तीन गुणांची आघाडी झाली असती. झाली दोनची. मग अँड्र्यू बॉल घेऊन वर आला, आत घुसला आणि भावाला पास दिला. आरनचा थ्री, ५.७ सेकंद. ७४-७३.

अँड्र्यूने पंधरा सेकंदांत सीझनची सगळ्यात मोठी चूक केली आणि सगळ्यात मोलाचा पासही दिला. पोरगा तोच, दिवस तोच. तो ‘परिपक्व’ झाला होता की नव्हता, तुम्हीच सांगा.

आता मुद्द्यावर येतो. हे पाच विजय किती फरकाचे होते? सात, दोन, पाच, तीन, एक. बेरीज अठरा. चार आठवड्यांपूर्वी फ्लोरिडाने एकाच मॅचमध्ये यांना एकोणीस गुणांनी हरवलं होतं. म्हणजे ज्या मार्चवर लेख निघाले, टी-शर्ट निघाले, तो सगळा मार्च मिळून एका दारुण पराभवाएवढाही भरत नाही. आणि आधीच्या दहा पराभवांपैकी आठ पाच गुणांच्या आतले किंवा बरोब्बर पाचाचे आहेत. हा संघ नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत जवळपास प्रत्येक मोठी मॅच शेवटच्या मिनिटात नेणारा होता. कधी अलीकडे पडला, कधी पलीकडे. व्हॅनव्हलीटचा तो बॉल आत गेला असता तर २५ विजय, ११ पराभव आणि ‘उडाणटप्पू पोरांचा वाया गेलेला सीझन’ असं लिहून लोकांनी फाइल बंद केली असती. पोरं तीच राहिली असती, सरावही तोच आणि अँड्र्यूचा सुधारलेला पासही तोच.

म्हणून ‘फेब्रुवारीत कच्ची, मार्चमध्ये पक्की’ ही गोष्ट मला पटत नाही. एक खरी सुधारणा झाली, ती पासची. बाकी बरंचसं नशीब, आणि नशिबाच्या टप्प्यात राहण्याइतकी गुणवत्ता. शिवाय एक गोष्ट अजिबात सुधारली नव्हती.

७ एप्रिल २०१४, टेक्सासमधलं आर्लिंग्टन, फुटबॉलचं स्टेडियम, ७९,२३८ प्रेक्षक. केंटकीचे पहिले पाचही एफवायचे. फायनलमध्ये असं याआधी १९९२ मध्ये मिशिगनच्या बाबतीत घडलं होतं आणि तेही हरले होते. समोर कनेक्टिकट, सातवं मानांकन. त्यांचा म्होरक्या शबाझ नेपिअर, चौथ्या वर्षाचा, जो स्वतः एफवायला असताना २०११ चं विजेतेपद जिंकून बसला होता. त्याने २२ गुण काढले. केंटकी मागून येत एका गुणावर आला, पण आघाडी काही मिळेना. कनेक्टिकटने दहा फ्री थ्रो घेतले, दहाही टाकले. केंटकीने २४ घेतले, १३ टाकले. अकरा फुकट, आणि मॅच हरले सहा गुणांनी. ६०-५४.

नोव्हेंबरात सोळा फुकट घालवून चार गुणांनी हार आणि एप्रिलमध्ये अकरा घालवून सहा गुणांनी. फ्री थ्रोच्या रेषेवर समोर कुणी नसतं, वय विचारणारंही कुणी नसतं.

आपल्याकडच्या क्रीडाशिक्षकांना एक गोष्ट सांगायची होती. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या. सकाळी हरला तो दुपारच्या एसटीने घरी. एफवायच्या पोराला दहा वेळा हरून अकराव्यांदा उभं राहण्याची संधी आपलं वेळापत्रकच देत नाही, आणि मग आपण म्हणतो ‘पोरांत जिगर नाही’. निदान विद्यापीठांनी गटवार साखळी सामने वाढवले तरी कोचला पास देणारा कोण आणि बघत उभा राहणारा कोण हे कळायला वेळ मिळेल. चार महिने कॅलिपारीलाही लागले.

पुढचं थोडक्यात. ड्राफ्टमध्ये रँडलला लेकर्सने सातव्या क्रमांकावर घेतलं, यंगला बॉस्टनने सतराव्या. जुळे भाऊ मात्र दुसऱ्या वर्षासाठी थांबले, कॉली-स्टाइनही थांबला, आणि नवी बॅच येऊन मिळाली. त्या संघाने ओळीने ३८ मॅच जिंकल्या. मग सेमीफायनलला समोर आला विस्कॉन्सिन, बराचसा तोच संघ, एका वर्षाने थोराड झालेला. ७१-६४. या वेळी शेवटचं मिनिट विस्कॉन्सिनचं होतं. त्या उन्हाळ्यात अँड्र्यू ४४ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि ज्याच्या शॉट्सवर आदला मार्च उभा होता त्या आरनचं नाव ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही.

प्रश्न असतील तर घेऊ. माइक मागच्या रांगेपासून फिरवा, पुढचे शिक्षक नंतर विचारतील.