भरतीच्या आधीचे दोन तास

भरती चढते आहे. मघाशी हे किनाऱ्यावर चरणारे पक्षी लांब ओल्या वाळूवर विखुरले होते, नुसत्या डोळ्यांना ठिपक्यांएवढे. आता पाणी पुढे येतंय, त्यांची जागा कमी होतेय, आणि तेही किनाऱ्याकडे सरकतायत. म्हणून फोटोसाठी निघायच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं. पूर्ण भरतीच्या आधीचे दोनेक तास सर्वांत मोलाचे. त्यात सकाळचं कोवळं ऊन मिळालं तर फारच छान. दुपारी वाळू तापली की वर तरंगणारी गरम हवा चांगल्यातल्या चांगल्या लेन्सचं चित्रही धूसर करून टाकते.

लाटेच्या काठावर धावणारे हे पांढुरके पक्षी सँडर्लिंग, तुतारी कुळातले. लाट मागे हटली की तिच्यामागे पळायचं, उघड्या पडलेल्या वाळूत भराभर चोच मारायची, पुढची लाट आली की माघारी. पाय नीट बघा. बहुतेक तुतारींना मागच्या बाजूला एक छोटं बोट असतं, यांना ते नाहीच. हे धावते पाय स्पष्ट यायला हवे असतील तर शटरचा वेग १/१६०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका.

शेजारचा चिखल्या मात्र वेगळ्याच चालीचा. चार पावलं धावतो, थबकतो, बघतो, टिपतो. डोळे मोठे आहेत, कारण तो भक्ष्य बघून पकडतो. त्याचा फोटो त्या थबकण्यात आहे. आणि हा लांब चोचीचा पाणटिवळा. याला भक्ष्य दिसत नाही, जाणवतं. चोचीच्या टोकाशी स्पर्श ओळखणाऱ्या पेशी दाटीने असतात. चोच वाळूत खोल रुतलेली असताना तो तिचं फक्त टोक उघडून किडा पकडू शकतो. चोच बाहेर येतानाचा तो क्षण पकडायचा, टोकाला वळवळणाऱ्या किड्यासकट.

कॅमेरा जितका खाली, तितकं चित्र जिवंत. उभं राहून काढलं तर पक्ष्यामागे नुसती वाळू येते. पोटावर झोपून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढलं की मागचं पाणी विरघळतं आणि पक्षी उठून दिसतो. पांढऱ्या पिसांना जपा. मागे गडद पाणी असेल तर कॅमेरा फ्रेम उजळवायला जातो आणि छातीवरची नक्षी पांढऱ्या डागात हरवते. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, थोडं उतरवा.

झोपायचं, आणि हलायचं नाही. पक्ष्याच्या मागे जाऊ नका, त्याच्या वाटेत आधीच जाऊन थांबा. चरता चरता तो स्वतःच जवळ येतो. त्याने चरणं सोडून मान ताठ केली, ओरडला, चालत लांब जायला लागला, की समजा आपण फार जवळ आलोय. तिथेच थांबा, नाहीतर मागे व्हा.

एवढं का जपायचं? २०२२ साली पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं एक पिल्लू, जन्माला जेमतेम पाच महिने झालेलं, अलास्काहून उडालं आणि थेट ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, वाटेत कुठेही न थांबता. अंगावरच्या ट्रान्समीटरमुळे हे कळलं. अशा प्रवासाआधी हा पक्षी चरबी साठवतो, आणि आतडी, जठर असे अवयव चक्क आक्रसतात, म्हणजे वजन कमी. ती चरबी इथल्या या वाळूतूनच मिळते, आणि पाणी चढलं की चरणं बंद. आपण थवा उगाच उडवला तर त्याचं खाणंही गेलं आणि साठवलेली ताकदही. उडत्या थव्याचा फोटो हवा असेल तर थांबा. ससाणा येतो, लाट येते, थवा आपला आपण उठतो.

कोरड्या वाळूवरही पाय जपून टाका. काही चिखल्या तिथेच उथळ खळगा करून अंडी घालतात, आणि ती वाळूत बेमालूम मिसळलेली असतात. एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत तुमच्यापुढून चालला, तर त्याचा फोटो काढत बसू नका. तो तुम्हाला घरट्यापासून लांब नेतोय. आल्या पावली परत फिरा.

आणि हा पायात पट्टी असलेल्या एका पक्ष्याचा फोटो. कलेच्या दृष्टीने साधाच. पण पायावरची रंगीत पट्टी बघा, तिच्यावर अक्षरं आहेत. हा पक्षी कुठे आणि केव्हा पकडून सोडला, हे त्यांवरून शोधता येतं. म्हणून पट्टी दिसली की दोन्ही पायांचे फोटो घ्या, दोन्ही बाजूंनी. जागा आणि तारीख टिपून ठेवा, आणि पक्ष्यांच्या पायात अशा पट्ट्या घालणाऱ्या अभ्यासकांना कळवा. अशा फोटोत पंखाचं टोक कापलं गेलं तरी चालेल, पाय फ्रेममध्ये हवेत.