तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

(सोलापुरातील एका वाचनालयात एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केसगळतीवर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मैत्रिणींनो. मागच्या रांगेत काही पुरुष मंडळीही दिसताहेत, त्यांनाही नमस्कार.

डिसेंबरमधली गोष्ट. युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या एक ताई दवाखान्यात आल्या. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढून टेबलावर उलगडली. आत गुंतवळ होतं. रोजची वेगळी गुंडाळी, अशा सात गुंडाळ्या. म्हणाल्या, "बघा की मॅडम, किती केस जायलेत. गड्ड्याच्या जत्रेपर्यंत डोक्यावर काय राहतंय का नाही."

मी त्यांना कुठलं तेल लावता ते विचारलं नाही, शांपूही विचारला नाही. विचारलं, "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?" त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "गणपतीत डेंगी झाला होता. आठ दिवस ॲडमिट होते."

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, मग तीनेक महिने तो मुळाशी नुसता बसून राहतो आणि गळतो. शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद केस कुठल्याही वेळी वाढत असतात, म्हणून रोज ५० ते १०० केस गेले तरी डोकं भरलेलं दिसतं. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा वजन उतरवण्यासाठी केलेली उपासमार, असं काही झालं की शरीर खर्च आवरतं. वाढणारे पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला जातात आणि तीन महिन्यांनी एकदमच गळतात. त्या ताईंचा डेंगी गेला होता, अशक्तपणा गेला होता, केस मात्र आत्ता गळत होते. दोन्हींचा संबंध त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. तेवढ्या दिवसांत त्यांनी तीन प्रकारची तेलं विकत आणली. पंधरा दिवसांत फरक पडला नाही म्हणून दुसरं, मग तिसरं. केस महिन्याला वाढतो जेमतेम एक सेंटीमीटर. पंधरा दिवसांत कुठलं तेल काय दाखवणार? शिलाईच्या पैशातून ही खरेदी होते, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात न्हाणीघराची जाळी माझ्याच केसांनी तुंबली होती. कारण मला पाठ होतं, तरी मी तिथे उभी राहून रडले. त्यामुळे केसांसाठी रडणाऱ्या बाईला मी कधी "एवढं काय त्यात" म्हणत नाही.

ही झाली एकदम होणारी गळती. कारण संपलं की बहुतेकींचे केस सहा-आठ महिन्यांत परत येतात. दुसरा प्रकार हळू चालतो. गुंतवळ फारसं निघत नाही, पण भांग वर्षागणिक रुंद होतो. वेणीला रबराचे दोन वेढे पुरायचे, तिथे आता तीन लागतात. ही आनुवंशिक विरळता. ती आईकडूनही येते, वडिलांकडूनही येते आणि तिच्यात गेलेले केस आपोआप परत येत नाहीत. म्हणून महिन्याच्या एक तारखेला, कोरड्या केसांवर, त्याच खिडकीशी, मधोमध भांग पाडून एक फोटो काढून ठेवा. गळलेले केस रोज मोजू नका, त्याने झोप तेवढी उडते.

आता रोजचं. मी मुद्दाम थोडकंच सांगणार आहे, कारण हे सहा महिने चालायला हवं आणि सकाळी तुम्हाला डबे करायचे असतात.

सकाळी रुंद दातांचा कंगवा घ्या. खालच्या टोकापासून सुरुवात करा, गुंता सुटला की वर सरका. भांग दर दोन-चार दिवसांनी जरा सरकवा. वेणी सैल घाला. कपाळाची कातडी ताणली जाईल इतकी घट्ट वेणी किंवा वर ओढून बांधलेला बुचडा वर्षानुवर्षं घातला, तर कपाळपट्टीचे आणि कानांवरचे केस मुळापासून जातात. फार काळ गेला तर ते परत येत नाहीत. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या आयांनी हे कृपया मनावर घ्यावं.

न्हाण्याविषयी मात्र सविस्तर बोलते, कारण आपल्याकडचं निम्मं नुकसान न्हाणीघरात होतं. केस गळतात म्हणून बायका न्हाणंच लांबवतात. मग आठवड्याचे अडकलेले केस एका दिवशी हातात येतात आणि भीती वाढते. आठवड्यातून दोन-तीनदा न्हा. सोलापूरच्या उन्हाळ्यात, स्कार्फ बांधून गाडीवर फिरणाऱ्यांनी तर नक्कीच, आणि तो स्कार्फही धूत चला. शांपू टाळूला लावायचा, बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. कोंडा असेल तर कीटोकोनाझोल या बुरशी मारणाऱ्या औषधाचा शांपू आठवड्यातून दोनदा, आणि तीन ते पाच मिनिटं टाळूवर राहू द्या. लावला की लगेच धुतला, तर तो काम करत नाही.

पाण्याचं म्हणाल तर उजनीचं पाणी आपल्या नळाला रोज येत नाही, मधल्या दिवसांत बोअरचं वापरावं लागतं. बोअरच्या जड पाण्याने टक्कल पडत नाही, एवढं आधी मनातून काढून टाका. त्याने केस राठ होतो आणि मधेच तुटतो. अंगाच्या साबणाने डोकं धुतलं तर क्षार आणि साबण मिळून चिकट थर बसतो, म्हणून साबण नको. शेवटचे दोन तांबे नळाच्या साठवलेल्या पाण्याचे घ्या, पुरे होतं.

आणि टॉवेल. आपल्या गावच्या टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, घरोघरी तो असतो आणि पाणी झकास टिपतो. पण ओला केस ताणला जातो आणि सहज तुटतो. आपण काय करतो? मान खाली घालून ओले केस पुढे घेतो आणि पिळलेल्या टॉवेलने फटाफट झटकतो. माझी आजी असंच करायची, मीही करायचे. एकदा उन्हाच्या तिरिपेत हे करून बघा, तुटलेले बारीक तुकडे उडताना दिसतील. टॉवेलच्या विणीतल्या धाग्यांच्या वेढ्यांत केस अडकतो. त्याऐवजी जुना मऊ पंचा गुंडाळा, दाबून पाणी टिपा आणि केस तसेच वाळू द्या.

तेलाबद्दल नेहमी विचारतात. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि न्हाताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेलाने हे केलं, सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने केलं नाही. म्हणून न्हाण्याआधी तासभर केसाच्या लांबीला खोबरेल लावा. त्याने केस तुटायचा कमी होईल. नवा केस उगवणार नाही. कोंडा असेल तर टाळूवर तेल मुरवत ठेवू नका, कोंड्याची बुरशी त्यावरच पोसते.

आनुवंशिक विरळतेवर लावायचं औषध आहे, मिनॉक्सिडिल. मूळची ही रक्तदाबाची गोळी, अमेरिकेत १९७९ साली मान्य झालेली. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, त्यावरून लावायचं औषध निघालं आणि १९८८ साली त्याला मान्यता मिळाली. ते कोरड्या टाळूवर, भांगाच्या रेषेत लावायचं, नंतर हात धुवायचे. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते. जुने केस जागा सोडत असतात. बहुतेक जणी नेमक्या तिथेच बाटली फेकून देतात. चार ते सहा महिने थांबावं लागतं, आणि औषध बंद केलं की मिळालेलं काही महिन्यांत जातं. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नको. घरात मांजर असेल तर फार जपा, मांजराला ते विष आहे. डॉक्टरला विचारून, आपल्याला चालेल त्या ताकदीचंच घ्या.

त्याआधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि थायरॉईड. पाळीत रक्त जास्त जाणाऱ्या कितीतरी बायकांचं फेरिटिन तळाला असतं. तपासणीच्या आधी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यांनी थायरॉईडचे आकडे चुकतात. जेवणात आपली भाकरी आणि शेंगाचटणी चांगलीच, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. पण चटणी आपण चमचाभर खातो. जोडीला मटकी, डाळ, अंडं हवं. पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो लोह अंगी लागू देत नाही.

नाण्याएवढी गोल चाई पडली, टाळूची आग होते, किंवा केस गेलेली जागा गुळगुळीत चकाकते, तर यातलं काहीच करत बसू नका. त्याच आठवड्यात दाखवा. काही आजारांत मूळच मरतं आणि गेलेला वेळ भरून निघत नाही.

त्या ताई जूनमध्ये परत आल्या. लोहाच्या गोळ्या, सैल वेणी, पंचा, एवढंच केलं होतं. खिडकीशी उभ्या राहिल्या आणि कपाळावरचे बोटभर लांबीचे उभे केस दाखवून तक्रार करू लागल्या, "हे बघा, बसतच नाहीत, कितीबी पाणी लावा." मी म्हटलं, ताई, हेच ते. गणपतीनंतर गेले होते ना, ते हे. त्यांनी आरशात पाहिलं आणि दोन्ही हातांनी ते केस हळूच पुन्हा उभे केले.

आता प्रश्न विचारा. आणि ज्यांना भांग दाखवायचा आहे त्यांनी डावीकडच्या खिडकीशी या, अजून उजेड चांगला आहे.