ताडपत्रांचा माग

[दृश्य: कुंभकोणम. कावेरीचा काठ, देवळांची गोपुरं.]

१८८० सालचा ऑक्टोबर. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात तमिळ शिकवणारा पंचविशीतला एक शिक्षक, गावात नव्यानेच बदलून आलेल्या मुन्सफांना भेटायला जातो. शिक्षक म्हणजे उ. वे. स्वामिनाथ अय्यर, आणि मुन्सफ सेलम रामस्वामी मुदलियार. काय काय वाचलंय, असं मुदलियार विचारतात. अय्यर सांगू लागतात: अंतादी, पिळ्ळैत्तमिळ, कोवै, स्थळपुराणं असे एकेक काव्यप्रकार... यादी संपता संपत नाही, आणि मुदलियारांवर तिचा काही परिणामही होत नाही. मग ते जुन्या तमिळ महाकाव्यांबद्दल विचारतात: जीवक चिंतामणी वाचलंय? शिलप्पदिकारम? मणिमेखलै?

नव्हतं वाचलं.

हे अय्यर काही कच्चे विद्यार्थी नव्हते. महाविद्वान मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे, त्यांच्या अखेरपर्यंत राहून ते शिकले होते. त्या काळात तमिळचा याहून मोठा गुरू मिळणं अवघड होतं. पण हे शिक्षण तिरुवावडुदुरैच्या शैव मठाच्या छायेत चाले. जीवक चिंतामणी जैन काव्य, मणिमेखलै बौद्ध. शिकवण्यात नाही म्हणून नकलेत नाही. आणि नक्कल थांबली की ताडपत्रावरचा ग्रंथ संपलाच. वाळवी, कीड, दमट हवा. जुनं पान झिजायच्या आत कुणीतरी नवं लिहावं लागतं.

मुदलियारांनी चिंतामणीची एक हस्तलिखित प्रत अय्यरांच्या हातात ठेवली.

[दृश्य: ताडपत्राचं एक पान, अगदी जवळून.]

हे पान बघा. अक्षरं लोखंडी लेखणीने कोरलेली. मराठीत आपण अक्षराचा पाय मोडतो, तमिळमध्ये त्याच कामासाठी अक्षराच्या डोक्यावर टिंब देतात. पण टोकदार लेखणीने टिंब दिलं तर पान फाटायचं, म्हणून लेखक टिंबच गाळत. ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ सारखेच दिसत. मोडीसारखी सलग ओळ, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं. कविता कुठे संपली आणि टीका, म्हणजे तिच्यावरचं भाष्य, कुठे सुरू झाली, हेही कळत नसे. अनेक प्रती शेजारी ठेवून पाठ जुळवत बसणं, हाच त्यावर उपाय.

जैन संज्ञा अडल्या तेव्हा अय्यर कुंभकोणमच्या जैन घरांत गेले. तिथे चिंतामणीचं पारायण चालू होतं! पंडितांना अनोळखी झालेला ग्रंथ त्याच गावात भक्तिभावाने वाचला जात होता. १८८७ साली तो छापून आला.

आणि खरी गंमत टीकेत होती. चिंतामणीचा जुना टीकाकार नच्चिनार्क्किनियर जागोजागी दुसऱ्या काव्यांतल्या ओळी देतो, बहुतेकदा नाव न सांगता. या ओळी कुठल्या? अय्यर त्यांचा माग काढत निघाले. मठ, देवळं, जुन्या कवींच्या वंशजांची घरं. कुठे आदराने पोथ्या मिळाल्या, कुठे दारातूनच परत पाठवलं. करिवलमवंदनल्लूरच्या देवळात त्यांना सांगण्यात आलं की जुन्या पोथ्या तुपात भिजवून होमात अर्पण केल्या. शास्त्रच तसं आहे म्हणे. श्रद्धेने जाळलेलं साहित्य! त्यावर चिडायचं तरी कुणावर?

अय्यरांनी एकेक ग्रंथ छापून काढला: १८८९ मध्ये पत्तुप्पाट्टु, १८९२ मध्ये शिलप्पदिकारम, १८९४ मध्ये पुरनानूरु, १८९८ मध्ये मणिमेखलै. पुरनानूरुत चारशे कविता: राजे, लढाया, रणात मुलगा गमावलेल्या आया, बिदागीसाठी पायपीट करणारे कवी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं हे जग. त्यातल्या २६७ आणि २६८ क्रमांकाच्या कविता मिळाल्याच नाहीत, त्या जागा आजही रिकाम्या आहेत.

तमिळ लोक अय्यरांना ‘तमिळ ताता’ म्हणतात, तमिळचे आजोबा. मान योग्यच, पण हे काम त्यांनी एकट्याने केलं असं सांगणं बरोबर नाही. मूळचे श्रीलंकेतल्या जाफन्याचे सी. वै. दामोदरम पिळ्ळै यांनी त्याच १८८७ साली कलित्तोगै हा प्राचीन काव्यसंग्रह छापला होता. आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे नकला केल्या, त्यांची तर नावंही आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

[दृश्य: तंजावर, राजवाडा.]

मराठी प्रेक्षकांसाठी एक नोंद. अय्यर तंजावर भागातल्या उत्तमधानपुरमचे, जन्म १८५५ चा. त्याच वर्षी दुसरे शिवाजीराजे वारले आणि तंजावरचं मराठी राज्य इंग्रजांनी खालसा केलं. त्या घराण्यातल्या सरफोजीराजांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय आजही ताडपत्रं जपून आहे. २००४ साली केंद्र सरकारने तमिळला अभिजात भाषेचा दर्जा दिला, देशात सर्वांत आधी. मराठीला तो २०२४ मध्ये मिळाला. प्राचीनतेचे पुरावे मागितले गेले तेव्हा तमिळकडे संघम साहित्य, म्हणजे पत्तुप्पाट्टु, पुरनानूरु, कलित्तोगै यांसारखे प्राचीन काव्यसंग्रह, छापील आणि संपादित रूपात तयार होतं, यात अय्यरांच्या पिढीच्या कष्टांचा वाटा मोठा.

कुरुंतोगै या संघम काव्यसंग्रहाची अय्यरांची आवृत्ती १९३७ ची, वयाची ऐंशी उलटल्यावरची. पुढे ‘आनंद विकटन’ साप्ताहिकात ते आत्मचरित्र लिहू लागले. १९४२ च्या एप्रिलमध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा लेखमाला मणिमेखलैच्या प्रकाशनाच्या आसपास पोचली होती. पुढची चाळीसेक वर्षं लिहायची राहून गेली.