पाठीमागची भरती

नमस्कार. मला शिकवण्याच्या आठवणी सांगायला बोलावलंय, पण ३४ वर्षं भूगोल शिकवूनही त्या आठवणी म्हटलं की मला वर्गाच्या आधी समुद्र दिसतो, म्हणून तिथूनच सुरू करते.

माझे बाबा गणित शिकवायचे आणि सुट्टी म्हणजे समुद्र एवढंच त्यांना माहीत. माझं लग्न झालं, नोकरी लागली, तरी दरवर्षी आठ दिवस आम्ही सगळे एकत्र जायचोच. लेक नऊ वर्षांची असताना तिला एक नाद लागला, वाळूत काठी रोवायची आणि पाणी काठीपाशी सगळ्यात वर आलं की ओरडायचं, आई, वेळ लिही! चार दिवसांच्या वेळा वहीत झाल्या आणि तिनं विचारलं, रोज उशीर का होतोय गं?

हे मला येत होतं. मी तिला मधे उभं केलं, ती पृथ्वी, आजोबा चंद्र. म्हटलं स्वतःभोवती एक गिरकी घे, तोवर आजोबा दोन पावलं पुढे गेलेले, म्हणजे त्यांच्यासमोर यायला अजून थोडं वळायला लागलं, ते थोडं म्हणजेच रोजची साधारण ५० मिनिटं. ती खूश झाली, मग तशीच थांबून म्हणाली, आजोबा समोर आहेत तर पाणी समोर चढेल ना, मग दिवसातून दोनदा भरती कशी, माझ्या पाठीमागे पाणी कोण ओढतं?

मला उत्तर येईना. "विरुद्ध बाजूसही भरती येते" हे वाक्य मी ११ वर्षं वर्गात सांगितलं होतं, मुलांनी तस्संच लिहिलं होतं आणि मी त्याला पूर्ण मार्क दिले होते, याचं मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. बाबा एवढंच म्हणाले, माहीत नाही म्हणून सांग तिला, मग शोधू.

शोधलं. गॅलिलिओसारख्या माणसाला वाटायचं की पृथ्वीच्या फिरण्यानंच समुद्र हिंदकळतो, चंद्राचं त्यात काही नाही. चंद्राच्या ओढीनं भरती कशी येते ते गणितानं मांडलं न्यूटननं, १६८७ मध्ये. पुढच्या वर्षी वर्गात मी तीन मुलं एका रांगेत उभी केली. चंद्राजवळचा म्हणजे अलीकडचं पाणी, मधला पृथ्वी, शेवटचा पलीकडचं पाणी. जवळच्याला ओढ जास्त म्हणून तो तीन पावलं पुढे, मधला दोन, शेवटचा एकच. आता बघा, म्हटलं, अंतर दोन्हीकडे वाढलं की नाही? पाठीमागचं पाणी कुणी ओढलं नाही, ते मागे राहिलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो कधी बोलायचा नाही, तो म्हणाला, मग अमावस्येला सूर्य पण त्याच रांगेत येत असेल ना? उधाण, म्हणजे अमावस्येला येणारी मोठी भरती, त्यानं स्वतःच शोधून काढलं होतं! माझ्या अख्ख्या नोकरीतला तो सगळ्यात मोठा आनंद.

बाबांना शेवटच्या वर्षी चालवत नव्हतं, खुर्ची पाण्याजवळ नेऊन ठेवायचो. कालच्या वेळेत ५० मिनिटं मिळवून त्यांनी लेकीला सकाळीच आकडा सांगून ठेवला होता. पाणी १२ मिनिटं उशिरा आलं. तिनं आजोबांसाठी वहीत त्यांचाच आकडा लिहायला घेतला, तर बाबांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, खोड ते, पाणी आलं तीच वेळ लिही.