सही केली, तरी अपील?

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत चोरीच्या खटल्यात आरोपी पुष्कळदा सरकारी वकिलाशी लेखी करार करतो. त्यानं गुन्हा कबूल करायचा, सरकारनं काही आरोप मागे घ्यायचे. त्याच करारात बारीक अक्षरात एक कलम असतं: अपिलाचा हक्क मी सोडतो आहे. मग शिक्षा सुनावली जाते, पायाखालची जमीन सरकते आणि घरचे म्हणतात, सही करून बसलास, आता काय उरलं?

उरतं, श्रोतेहो. आयडाहो राज्यातल्या गार्झा यांनी असाच हक्क सोडला होता. शिक्षेनंतर ते वकिलाला सांगत राहिले, अपील करा. वकिलानं केलं नाही. हक्क सोडलाय, मग उपयोग काय, असं त्याचं म्हणणं. अशिलाच्या वतीनं हे परस्पर ठरवणारा तो कोण? २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी गार्झांच्या बाजूनं निकाल दिला. अशिलानं स्पष्ट सांगितलं असेल, तर अपिलाची नोटीस वकिलानं दाखल केलीच पाहिजे.

कारण त्या सहीखाली सगळंच झाकलं जात नाही. कबुली समजून-उमजून दिलेली नसेल, सरकारनंच करार मोडला असेल, किंवा शिक्षा कायद्याच्या कमाल मर्यादेबाहेर गेली असेल, तर दाद मागता येते. सरकारी मालमत्तेची चोरी १,००० डॉलरपर्यंतची असेल, तर फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय, कायद्यात जास्तीत जास्त एक वर्षाची कैद आहे. तिथं दोन वर्षं सुनावली, तर सही आड येऊ नये. नुसती ‘शिक्षा जड वाटते’ ही तक्रार मात्र बहुधा टिकत नाही.

वेळ फार थोडा असतो. फेडरल न्यायालयात निकाल नोंदल्यापासून १४ दिवस. राज्यांच्या मुदती वेगळ्या. तुमचं कुणी तिकडे अडकलं असेल, तर ‘बघा काही होतंय का’ असं मोघम बोलू नका. ‘अपिलाची नोटीस दाखल करा’ असं वकिलाला लेखी कळवा, प्रत जवळ ठेवा.

आणि एक गोष्ट आधीच विचारून घ्या. कबुलीच रद्द झाली, तर मागे घेतलेले आरोप पुन्हा उभे राहू शकतात. ते आरोप कोणते, त्यांची शिक्षा किती, हे वकिलाकडून त्या मुदतीतच समजून घ्या.