नास्तिकाला दोन्ही दारं उघडी असली तर

मंडळी, आजचा प्रश्न असा, स्वर्ग आणि नरक खरंच असले आणि निवडायला मिळालं तर नास्तिक कुठं जाईल? ह्याला 'असलं काही नसतंच' एवढं म्हणून दोन मिनिटात उत्तर देता येतं, आणि माझं मत तेच आहे, माणूस मेला की संपला. पण तेवढं बोलून खाली बसलो तर प्रश्न टाळल्यासारखं होईल, कारण विचारणाऱ्याला मेल्यानंतरचा पत्ता नको असतो, त्याला बघायचं असतं की हा देव न मानणारा माणूस नेमकं काय मानतो. म्हणून आज धरून चालू की मेल्यावर डोळे उघडले, समोर दोन दारं आहेत, एक स्वर्गाचं एक नरकाचं, आणि कुणीतरी म्हणतंय, निवड तुझी.

अशा वेळी नास्तिकानं पहिल्यांदा काय करायचं, तर "होय, हे आहे" असं म्हणायचं. पुराव्यावर चालतो म्हणणारा माणूस पुरावा नाकासमोर आल्यावरही नाही नाही करत बसला तर त्याला हट्टी म्हणायचं, दुसरं काय. पण स्वर्ग आहे हे मान्य करणं वेगळं आणि स्वर्ग चालवणाऱ्याचं सगळं बरोबर आहे हे मान्य करणं वेगळं, लोकांची गल्लत होते ती इथंच. सरकार आहे हे आपण सगळे मानतोच की, म्हणून सरकारचा प्रत्येक जीआर बरोबर असतो का?

घरातली मोठी माणसं म्हणतात बघा, "नसशील मानत तर नको मानू, पण हात जोडायला काय जातंय तुझं?" फ्रान्सच्या पास्कल नावाच्या गणितज्ञानं हेच हिशोब करून मांडलंय. देव मानला आणि तो निघाला तर कायमचा फायदा, नाहीच निघाला तर जाणार फारसं काही नाही, मग मानण्यावरच पैज लावा. तो गेल्यावर १६७० साली त्याची टिपणं छापली आणि तेव्हापासून हा वाद चालू आहे. माझी अडचण अशी की पैज लावायची कुणावर? इथं कोल्हापूरच्या दसरा चौकात उभं राहून बघा, शाहू महाराजांच्या काळातली बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं आहेत, जैन बोर्डिंग १९०१ चं, मुस्लिम बोर्डिंग १९०६ चं, आणि प्रत्येकाचा परलोक वेगळा. जैन परंपरा तर जग निर्माण करणारा देवच मानत नाही, तरी तिच्यात सात नरक आहेत, देवलोक आहेत, आणि तिथल्या देवांनाही मोक्ष हवा असेल तर माणसाच्याच जन्माला यावं लागतं. म्हणजे देव न मानणारा असला की नरक आपोआप रद्द होतो असं पण नाही.

आणि फायद्यासाठी जोडलेले हात ज्याला ओळखू येत नाहीत तो कसला देव? हे मी म्हणतोय म्हणून घेऊ नका, भक्तांचं ऐका. बसऱ्याच्या राबियाची गोष्ट सांगतात, आठव्या शतकातली सूफी बाई, एका हातात आग आणि एका हातात पाणी घेऊन निघाली, का तर म्हणे स्वर्गाला आग लावते आणि नरक विझवते, मग बघू देवावर प्रेम कोण करतंय. आपले तुकोबा म्हणतात, "स्वर्गींचे अमर इच्छिताती देवा, मृत्युलोकीं व्हावा जन्म आम्हां". स्वर्गातले लोकच इकडं यायला बघतायत!

आता दारावरचा नियम. स्वर्गात प्रवेश वागण्यावर मिळणार का श्रद्धेवर, माझ्या दृष्टीनं सगळा प्रश्न ह्याच्यावर अडतो. कोल्हापुरात हे बोलताना मला गोविंद पानसरेच आठवतात. कामगारांच्या केसेस लढणारा वकील, सकाळी बायकोबरोबर फिरायला गेलेला माणूस, १६ फेब्रुवारी २०१५ ला त्या दोघांवर गोळ्या झाडल्या आणि २० तारखेला पानसरे अण्णा गेले. कुणी मारलं ते कोर्टानं ठरवायचं, त्यावर मी इथं बोलणार नाही. पण समजा मारणारा अगदी श्रद्धाळू असला, रोज पूजाअर्चा करणारा, आणि मेलेला माणूस देव न मानणारा, तर श्रद्धेवर उघडणाऱ्या दारातून आत कोण गेला आणि बाहेर कोण राहिला? ज्या स्वर्गात असं होतं तिथं मला कितीही सोय असली तरी मी जाणार नाही, आणि हे मी रागानं बोलत नाहीये, मला खरंच तिथं बसवणार नाही.

ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच महाभारतात आहे आणि आपण ते नीट वाचतच नाही. कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही म्हणून धर्मराज अडून बसला, तेवढं सगळ्यांना माहीत असतं. पुढचं ऐका. तो स्वर्गात पोचतो आणि बघतो तर समोर दुर्योधन, तेजानं झळकतोय, आसनावर बसलाय. भाऊ कुठं दिसत नाहीत, द्रौपदी नाही. तो म्हणतो मला ह्याच्याबरोबर राहायचं नाही, माझी माणसं जिथं असतील तिथं न्या. देवदूत त्याला घेऊन निघतो, वाट अंधारी, रक्तामांसाचा चिखल, किडे, कुजका वास, तलवारीच्या पात्यासारखी पानं असलेली झाडं. वास सहन होईना म्हणून धर्मराज मागं वळतो, आणि तेवढ्यात अंधारातून आवाज येतात, थोडा वेळ थांब, तुझ्याकडून येणाऱ्या वाऱ्यानं आम्हाला बरं वाटतंय. तो विचारतो, कोण तुम्ही? मी कर्ण, मी भीम, मी अर्जुन, मी द्रौपदी. तेव्हा हा माणूस, जो स्वतः धर्माचा मुलगा, तो देवांना आणि धर्माला दोष देतो आणि दूताला सांगतो, तू जा परत, मी इथंच राहतो, माझ्या असण्यानं ह्यांना बरं वाटतंय.

मग इंद्र येतो, ही माया होती, द्रोणाला फसवलंस त्याबद्दल तुला नरक बघावा लागला, वगैरे सांगतो आणि सगळं गोड होतं. तो भाग मला तितका महत्त्वाचा वाटत नाही, कारण निर्णय घेतला तेव्हा धर्मराजाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्या हिशोबानं तो कायमचा तिथं राहणार होता. माझी निवड पण तीच, नरकाचं दार.

एक गोष्ट मात्र आपल्याच पोरांना सांगायची आहे. "नरकातच मजा आहे, सगळी भारी माणसं तिथंच भेटतील" असं आपल्यातली तरणी पोरं बोलतात, ते मला पटत नाही. कुंभीपाक म्हणजे उकळत्या तेलात माणूस टाकणं. ज्यानं दवाखान्यातला जळीत वॉर्ड एकदा बघितलाय तो असं बोलणार नाही. मी नरक निवडीन म्हणतो ते तिथं लोक ओरडत असतील म्हणून, आणि कितपत टिकेन ते मला सांगता येणार नाही, वेदनेपुढं भलेभले मोडतात. आणि कुणाच्याही साठसत्तर वर्षांच्या चुकांना अनंत काळ शिक्षा हा न्याय होऊच शकत नाही, मग तो माणूस दुर्योधन का असेना. आपल्या पुराणांतला नरक निदान भोगून संपतो तरी, आणि स्वर्ग पण संपतो, गीतेच्या नवव्या अध्यायातच आहे, क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति.

आपली साधी माणसं ह्या दारांचा किती विचार करतात कुणास ठाऊक. एका दोस्ताच्या वडलांच्या रक्षाविसर्जनाला गेलो होतो, नदीकाठी, नैवेद्य ठेवलेला, भात, भाजी, चहाचा कप, बिडीचं बंडल. कावळा शिवेना. अर्धा तास गेला, बायका पदर तोंडाला लावून उभ्या, चुलता म्हणाला काहीतरी मनात राहिलंय बघा त्यांच्या. शेवटी दोस्त पुढं झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "आबा, धाकट्याच्या शिक्षणाचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका." सगळे लांब सरकले आणि थोड्या वेळानं कावळा आला. माणसं लांब गेली म्हणून आला, माझं एवढंच म्हणणं. पण धाकटा तिथंच उभा होता, त्यानं ते ऐकलं, गावानं ऐकलं, आणि शब्द पाळला गेला. आबांना स्वर्ग मिळू दे असं तिथं कुणी एकदाही म्हटलं नव्हतं. आपल्या पंचगंगेच्या स्मशानात लोक शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करतात, त्या कुणाच्या सरणाला लागणार हे कोण विचारतंय?

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, "तुमची आई भाविक होती, ती स्वर्गात असली तर?" आई दर शुक्रवारी अंबाबाईला जायची, मी बाहेर महाद्वारात चपला सांभाळत उभा राहायचो, आत चल असं तिनं कधी म्हटलं नाही. तर ताई, ती आत असली आणि मला अट न घालता सोडत असले, तर मी आधी स्वर्गातच जाईन, तिला भेटीन, तिच्याजवळ बसेन. धर्मराज पण आधी स्वर्गातच गेला होता. मग तिला विचारीन, बाकीची माणसं कुठं आहेत. ती कुठं आहेत हे कळल्यावर तिच मला म्हणेल, जा बाबा तिकडं, आणि मला वाटतं ती पण उठेल.